ल्युबेक पहिल्यांदा पाहताना: मिठाच्या वाटेने एक दिवस

उत्तर जर्मनीतल्या हॅम्बुर्ग आणि आसपासच्या गावांत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या लोकांना पहिल्या काही महिन्यांतच कुणीतरी सांगतं, "एकदा ल्युबेकला जाऊन या." लोक जातातही. स्टेशनजवळच्या जाडजूड बुरुजांच्या वेशीपुढे फोटो काढतात, मार्झिपानचा खोका घेतात आणि दोन-तीन तासांत परतीची गाडी पकडतात. एवढ्या घाईत हे शहर हाती लागत नाही. सात मनोरे, लाल विटांची चर्चं, उतरती छपरं हे सगळं पाहून होतं, पण ते तिथे का उभं आहे हे कळायचं राहून जातं.

म्हणून हा क्रम सुचवतो आहे. ल्युबेक हे व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी उभारलेलं शहर आहे, तेव्हा ते मालाच्या मागे मागे चालत पाहावं. मीठ कुठून आलं, कुठे साठवलं, त्यातून झालेला पैसा कुठे खर्च झाला आणि ओझी वाहणारी माणसं कुठे राहिली, या क्रमाने चाललात तर प्रत्येक इमारत आपली जागा स्वतःच सांगते.

निघण्याआधी: नकाशा आणि थोडा इतिहास

आदल्या रात्री उत्तर युरोपचा नकाशा उघडा आणि फक्त एक गोष्ट बघा. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांच्या मध्ये डेन्मार्कचा लांबलचक द्वीपकल्प आडवा आला आहे. मध्ययुगात त्याला वळसा घालून जहाज नेणं लांबचं आणि धोक्याचं होतं. त्यापेक्षा पश्चिमेचा माल हॅम्बुर्गला उतरवायचा, तिथून साधारण साठ-पासष्ट किलोमीटर खुष्कीच्या वाटेने ल्युबेकला आणायचा आणि ट्राव्हे नदीतून बाल्टिकमध्ये सोडायचा, हे सोयीचं पडे. ल्युबेकचं नशीब या एका जमिनीच्या पट्ट्याने घडवलं.

1143 मध्ये होल्स्टाइनचा काउंट दुसरा आडोल्फ याने इथल्या टेकाडावर वस्ती वसवली. 1157 मध्ये ती जळाली. 1159 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश, ज्याला इतिहासात 'सिंह' म्हणून ओळखतात, त्याने ती पुन्हा उभी केली. मग 1226 हे साल आलं. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ल्युबेकला सनद दिली आणि शहर थेट सम्राटाच्या छत्राखाली आलं. मध्ये कोणी सरदार नाही, सरंजामदार नाही. कारभार शहराच्या परिषदेकडे, आणि परिषदेत बडे व्यापारी. हे स्वातंत्र्य या ना त्या रूपात 1937 पर्यंत टिकलं. त्या वर्षी नाझी राजवटीने ते काढून घेतलं आणि नंतरही ते परत मिळालं नाही. हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शहरं आजही जर्मनीतली स्वतंत्र घटक राज्यं आहेत, ल्युबेक नाही. इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती खंत अजून डोकावते.

आता हान्झेबद्दल. हा व्यापारी शहरांचा संघ होता. भरभराटीच्या काळात सुमारे दोनशे शहरं त्याच्याशी या ना त्या नात्याने जोडलेली होती. संघाला राजा नव्हता, कायमचं सैन्यही नव्हतं. 1356 मध्ये सगळ्या शहरांची पहिली सर्वसाधारण सभा ल्युबेकलाच भरली आणि पुढेही बहुतेक सभा इथेच होत राहिल्या. लंडन, आजच्या बेल्जियममधलं ब्रूज, नॉर्वेतलं बर्गन आणि रशियातलं नोव्हगोरोद इथे संघाच्या मोठ्या पेढ्या होत्या. नोव्हगोरोदहून कातडी आणि मेण यायचं, बर्गनहून सुकवलेला कॉड मासा, फ्लँडर्सहून कापड. 1370 मध्ये तर या व्यापाऱ्यांनी डेन्मार्कच्या राजाला युद्धात नमवून श्ट्रालझुंडचा तह करायला लावला.

या सगळ्याच्या मुळाशी दोन साध्या वस्तू होत्या: मीठ आणि हेरिंग मासा. आजच्या दक्षिण स्वीडनच्या किनाऱ्यावर, स्कोनेमध्ये, दर वर्षी हेरिंगचे प्रचंड थवे येत. कॅथलिक युरोपात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य होतं, मासा चालत होता, त्यामुळे गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पण हेरिंग तेलकट मासा, लगेच खराब होणारा. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या बेगमीला मासळी खारवतात, तशी ही खारवून पिंपांत भरली तर महिनोन्‌महिने टिके. बाल्टिकचं पाणी फारसं खारट नाही आणि ऊनही बेताचंच, त्यामुळे तिथे मिठागरं नव्हती. मीठ होतं ल्युबेकच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गमध्ये, जमिनीखालच्या खाऱ्या झऱ्यांत. दोन्ही वस्तूंच्या मधोमध ल्युबेक बसलं होतं.

पहिली पायरी: दिवस आणि गाडी

हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनवरून साध्या प्रादेशिक गाडीने पाऊण तास लागतो. डॉइचलांड-टिकिट, म्हणजे देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास, असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. सोमवार टाळा, बरीच संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद असतात आणि सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. शनिवार किंवा आठवड्यातला मधला दिवस उत्तम. डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार सुंदर असतो, पण चारच्या सुमाराला अंधार पडतो आणि गर्दी फार. पहिल्या भेटीसाठी मी मे ते सप्टेंबर सुचवेन. रस्ते दगडगोट्यांचे आहेत, म्हणून जाड तळव्याचे बूट घाला. बाबागाडी असेल तर जरा त्रास होईल. वारा उन्हाळ्यातही बोचतो, पिशवीत एक जाकीट ठेवा.

दुसरी पायरी: होल्स्टनटोर, पण दोन्ही बाजूंनी

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की पुतळ्यांचा पूल लागतो आणि पुढे दोन गोल बुरुजांची वेस, होल्स्टनटोर. ही 1464 ते 1478 या काळात शहराचा स्थापत्यकार हिनरिश हेल्मश्टेडे याने बांधली. नीट पाहिलंत तर बुरूज एकमेकांकडे कललेले दिसतील. खालची जमीन दलदलीची आहे, तेव्हा बांधकाम चालू असतानाच ते खचायला लागले.

बहुतेक जण बाहेरच्या बाजूने फोटो काढून आत शिरतात. तुम्ही कमानीतून आत जा आणि मागे वळून बघा. बाहेरून जिथे गोल, जवळजवळ आंधळ्या भिंती आहेत, तिथे आतून सपाट दर्शनी भाग आणि खिडक्यांच्या रांगाच रांगा आहेत. बाहेरची भिंत सुमारे साडेतीन मीटर जाड, आतली एक मीटरहूनही कमी. शत्रूला धाक आणि नागरिकांना वैभव, दोन्ही एकाच इमारतीत. बाहेरच्या बाजूला सोनेरी लॅटिन अक्षरं आहेत, त्यांचा आशय असा: घरात एकोपा, बाहेर शांतता. लढाईत या वेशीवरून तोफ कधी डागावी लागली नाही.

एकोणिसाव्या शतकात ही वेस जवळपास पाडलीच होती. रेल्वे आली, रस्ते रुंद करायचे होते आणि बुरुजांची अवस्था वाईट होती. 1863 मध्ये नगरसभेत मतदान झालं आणि अवघ्या एका मताने ती वाचली. पुढे हीच वेस जर्मनीच्या 50 मार्कांच्या नोटेवर झळकली आणि 2006 च्या दोन युरोच्या नाण्यावरही आहे. तुमच्या खिशातली नाणी तपासून बघा, सापडायची शक्यता आहे.

तिसरी पायरी: मिठाची कोठारं

वेशीच्या शेजारी, नदीला लागून, विटांची सहा उंच कोठारं उभी आहेत. लोक त्यांच्याकडे पाठ करून वेशीचा फोटो काढतात, मला याचं फार वाईट वाटतं. शहराची सगळी गोष्ट या सहा भिंतींमागे आहे. ल्युनेबुर्गचं मीठ होड्यांतून येऊन इथे उतरायचं आणि बाल्टिकच्या जहाजांत चढायचं.

एक बारकावा लक्षात असू द्या. ही कोठारं 1579 ते 1745 या काळातली आहेत, म्हणजे हान्झे उतरणीला लागल्यानंतरची. मिठाचा धंदा मात्र संघापेक्षा चिवट निघाला. मीठ आधी खुष्कीच्या वाटेने गाड्यांतून यायचं. 1398 मध्ये श्टेकनिट्झ कालवा सुरू झाला आणि एल्ब नदीपासून ल्युबेकपर्यंत सलग पाण्याची वाट तयार झाली. मधल्या उंच भूभागावरून होड्या नेण्यासाठी साध्या जलदारांची साखळी होती: वर पाणी अडवायचं, पुरेसं साठलं की दार उघडायचं आणि त्या लोंढ्यावर होड्या सोडायच्या. पाणी साठेपर्यंत थांबावं लागे, त्यामुळे एका खेपेला आठवडे जात. तरी गाड्यांच्या मानाने माल कितीतरी जास्त येई.

चौथी पायरी: पेट्री चर्चचा मनोरा

वेशीपासून जरा चढ चढला की पेट्री चर्च. इथे लिफ्ट आहे आणि सुमारे पन्नास मीटरवर सज्जा. पैसे मोजून वर जाच, आणि दिवसाच्या सुरुवातीलाच जा. वरून दिसतं की जुनं शहर पाण्याने वेढलेलं लांबट बेट आहे, साधारण दोन किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद. मधल्या कण्यावर मुख्य रस्ते, आणि तिथून दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या गल्ल्या पाण्याकडे उतरतात. पश्चिमेच्या, ट्राव्हेच्या बाजूच्या गल्ल्या व्यापाऱ्यांच्या: जहाज खाली, घर वर. पूर्वेची बाजू कारागिरांची. दक्षिण टोकाला बिशपचं कॅथेड्रल, उत्तर टोकाला किल्ला, आणि बरोबर मधे बाजार, नगरभवन आणि मारियन चर्च.

पाचवी पायरी: बाजार, नगरभवन आणि मारियन चर्च

बाजारचौकात आलात की नगरभवनाची उंच काळपट भिंत दिसते. तिच्यात मोठी गोल भोकं आहेत. मागे खोल्या नाहीतच, भिंत निव्वळ दिमाखासाठी उभी केली आहे. भोकं वाऱ्यासाठी, नाहीतर बाल्टिकच्या वादळात ती आडवी झाली असती. तेराव्या शतकापासून इथून कारभार चालतो आणि आजही महापौरांचं कार्यालय इथेच आहे. मार्गदर्शकासोबतची फेरी मिळाली तर दरबाराच्या दालनाचे दोन दरवाजे दाखवायला सांगा. एक उंच, एक बुटका. निर्दोष सुटलेला उंच दारातून ताठ मानेने बाहेर जाई, दोषीला बुटक्या दारातून मान खाली घालून जावं लागे.

मारियन चर्चसाठी तासभर राखून ठेवा. या भागात बांधकामाचा दगड मिळत नाही, चिकणमाती भरपूर. फ्रान्समध्ये दगडात उभी राहिलेली उंच गॉथिक चर्चं इथल्या गवंड्यांनी भाजलेल्या विटांत उभी केली. मधल्या दालनाचं छत 38.5 मीटर उंच आहे, विटांच्या कमानींचं जगातलं सगळ्यात उंच छत. दोन्ही मनोरे सव्वाशे मीटरच्या आसपास. बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या कित्येक शहरांनी पुढे याचीच प्रतिकृती उभारली. बिशपचं कॅथेड्रल असताना व्यापाऱ्यांनी त्याहून भव्य चर्च बाजाराला खेटून बांधलं, यातच शहरात सत्ता कुणाची हे स्पष्ट होतं.

1705 मध्ये पुढे थोर संगीतकार झालेला, तेव्हा वीस वर्षांचा योहान सेबास्टियन बाख आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर पायी इथे आला, या चर्चचा ऑर्गनवादक डीट्रिश बुक्स्टेहूडे याला ऐकायला. चार आठवड्यांची रजा घेतलेली, राहिला जवळपास चार महिने. संगीतासाठी एवढी पायपीट करणारा तो मुलगा मला दर वेळी इथे आठवतो.

मग दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी जा. तिथे दोन प्रचंड घंटा फरशीत रुतून फुटलेल्या पडल्या आहेत. 28 मार्च 1942 च्या रात्री, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) पहाटेपर्यंत, ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बॉम्ब टाकले. जुन्या शहराचा सुमारे पाचवा भाग जळाला. आगीत मनोरे पेटले, घंटा कोसळल्या, आणि त्या जिथे पडल्या तिथेच लोकांनी ठेवल्या. बाजूला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलकडून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. त्याआधी 1940 मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री उद्ध्वस्त केलं होतं. इथे फोटो काढायला बंदी नाही, पण आधी दोन मिनिटं उभे राहा.

मुलं सोबत असतील तर चर्चच्या आतल्या दगडी शिल्पात छोटा उंदीर शोधायला लावा. त्याला हात लावला की भाग्य उजळतं असं मानतात, म्हणून तो काळा पडला आहे. बाहेरच्या बाजूला बसलेला ब्राँझचा सैतानही मुलांना आवडतो. दंतकथा अशी की इथे दारूचा गुत्ता बांधतायत असं समजून त्याने चर्चच्या बांधकामाला हात लावला.

सहावी पायरी: मेंगश्ट्रासेवरून नदीकडे

चर्चच्या मागून मेंगश्ट्रासे खाली ट्राव्हेपर्यंत उतरते. इथल्या घरांचं निमुळतं त्रिकोणी तोंड रस्त्याकडे असतं. तळमजल्यावर उंच दालन, त्यात व्यवहार आणि मालाची चढउतार. वरच्या माळ्यांवर साठा, दोरखंड आणि चाकाने वर ओढलेला. कुटुंब मागच्या पाखेत राही. म्हणजे घर, पेढी आणि गोदाम एकाच छपराखाली.

शेजारच्या गल्ल्यांमध्ये नवीन पण त्याच घाटाची घरं दिसतील. हा शहराचा सगळ्यात जुना भाग बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला होता. युद्धानंतर तिथे शाळेच्या इमारती आल्या. त्या पाडल्यावर मोठं उत्खनन झालं आणि बाराव्या शतकातली लाकडी तळघरं सापडली. आता जुन्याच वाटणीच्या जागांवर, जुन्याच रुंदीची नवी घरं बांधली आहेत. काहींना ती नकली वाटतात. मला हा निर्णय पटतो, कारण गल्लीचं माप परत आलं आहे.

सातवी पायरी: जेवण

दुपारी ब्रायटे श्ट्रासेला परत या. याकोबी चर्चसमोर जहाजांच्या कप्तानांच्या संघाचं घर आहे, 1535 पासून त्यांच्या ताब्यात असलेलं. आता तिथे रेस्टॉरंट चालतं. लांब ओकची बाकं आणि छताला टांगलेली जहाजांची नमुनेदार प्रतिरूपं. जरा महाग आहे. शाकाहारी असाल तर आधी मेन्यू वाचा. स्वस्तात भागवायचं असेल तर बाजाराच्या आसपास पर्याय भरपूर आहेत.

नगरभवनासमोर 1806 पासूनचं नीडरेगरचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर मार्झिपानचं छोटं संग्रहालय. गोव्यात नाताळला आणि वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत ईस्टरला काजूचं मार्झिपान करतात, ते ज्यांनी खाल्लं आहे त्यांना इथलं बदामी मार्झिपान कमी गोड आणि किंचित कडसर लागेल. बदाम या हवेत पिकत नाहीत. दक्षिणेकडून व्यापारात आले आणि इथलेच होऊन बसले.

याकोबी चर्चमध्ये शिरून उत्तरेच्या बाजूची फुटकी होडी पाहा. 1957 मध्ये अटलांटिकच्या वादळात बुडालेल्या 'पामीर' या शिडाच्या जहाजाची ती जीवरक्षक होडी. त्यावरच्या 86 जणांपैकी फक्त सहा वाचले.

आठवी पायरी: इस्पितळ आणि बोळ

कोबर्ग चौकातलं पवित्र आत्म्याचं इस्पितळ 1286 मधलं, श्रीमंत व्यापाऱ्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. लांब दालनात लाकडी खोपट्यांची रांग आहे, प्रत्येकी साधारण चार चौरस मीटर. वृद्ध माणसं त्यांत 1970 पर्यंत राहत होती. दारांवर क्रमांक अजून आहेत.

तिथून ग्लोकनगीसरश्ट्रासेकडे वळा आणि घरांच्या मधे बुटक्या कमानी शोधा. वाकून आत गेलं की अरुंद बोळ, आणि पलीकडे फुलझाडांच्या अंगणाभोवती ठेंगणी घरं. व्यापाऱ्यांच्या घरांमागच्या परसात मजुरांना आणि हमालांना राहायला ही बांधली. बोळ निदान शवपेटी नेता येईल एवढा तरी रुंद असावा, असं माप सांगतात. असे सुमारे 90 बोळ आज उरले आहेत. फ्युश्टिंग्सहोफ मात्र निराळा: योहान फ्युश्टिंग या व्यापाऱ्याच्या देणगीतून 1639 मध्ये व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या विधवांसाठी उभारलेलं प्रशस्त आवार.

शहराचा हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून एक विनंती. इथे लोक राहतात. हळू बोला, खिडक्यांतून डोकावू नका, घोळक्याने शिरू नका. दार बंद असेल तर पुढच्या बोळात जा.

नववी पायरी: हान्झे संग्रहालय

उत्तरेला 1444 ची बुर्गटोर वेस आहे आणि तिच्या जवळ 2015 मध्ये उघडलेलं युरोपीय हान्झे संग्रहालय. ते शेवटी ठेवण्याचं कारण असं की दिवसभर पाहिलेल्या गोष्टी इथे जुळतात. तिकिटावर भाषा निवडता येते, इंग्रजी आहे. नोव्हगोरोदचा किनारा, लंडनची पेढी, ब्रूजचा बाजार अशी दालनं उभी केली आहेत. दोन तास तरी लागतात.

उतरणीची गोष्टही तिथे नीट वाचा. 1494 मध्ये मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने नोव्हगोरोदची पेढी बंद केली. 1598 मध्ये राणी एलिझाबेथने लंडनची. डच जहाजं मोठी आणि स्वस्त होती, आणि व्यापार महासागरांकडे वळत होता. 1669 मध्ये ल्युबेकला शेवटची सभा भरली तेव्हा फक्त नऊ शहरांचे प्रतिनिधी आले.

वेळ उरला तर

दक्षिण टोकाचं कॅथेड्रल 1173 मध्ये सुरू झालं. आत बर्न्ट नोटके याने 1477 मध्ये घडवलेला सतरा मीटर उंच लाकडी क्रूस आहे, तेवढ्यासाठी तरी जा. पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रान्ट यांचा जन्म याच शहरातला, 1913 चा. क्योनिगश्ट्रासेवर त्यांच्यावरचं चांगलं संग्रहालय आहे.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी ट्राव्हेम्युंडेला जा, जिथे नदी समुद्राला मिळते. गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. तिथे 1539 चा विटांचा दीपस्तंभ आहे, आणि पलीकडच्या तीरावर 1911 चं चार डोलकाठ्यांचं 'पासाट' जहाज, पामीरचंच भावंड. पलीकडे जायला फेरी चालते. गाडीतून उतरताना पाट्या नीट वाचा, ट्राव्हेम्युंडेला एकाहून जास्त स्टेशनं आहेत. समुद्रकिनारा हवा असेल तर शेवटच्या स्टेशनपर्यंत बसून राहा.